वैमानिक व्हायचे तर अकरावीला कोणते विषय घ्यावेत?



दहावीचा निकाल लागला की या सदराच्या टपालाचा रंग बदलतो. एरवी वसतिगृह, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला अशा चौकशा असतात. निकालानंतर मात्र एकच प्रश्न नाना तऱ्हांनी येतो, की आता पुढे काय घ्यायचे? या वेळी त्यात एक पत्र निराळे निघाले. ते मालवण तालुक्यातल्या कट्टा गावाहून आले आहे. लिहिणारे गृहस्थ शेतकरी आहेत. थोडी भातशेती, थोडे काजू आणि वडिलांच्या हातची चाळीस हापूसची कलमे. मुलगी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली आहे. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, तेव्हा त्यांनी तिला नेरूरपारच्या पुलावरून पलीकडे परुळ्याला नेऊन विमान दाखवले होते. तेव्हापासून तिचे एकच पालुपद आहे, "माका इमान चलवूचा आसा."

घरात तीन मते पडली आहेत. मामा म्हणतो जीवशास्त्र घे, गणित सोड आणि नर्सिंगला जा. शेजारचे एक जाणते गृहस्थ म्हणतात, वैमानिक व्हायला विषयबिषय काही लागत नाही, पैसा लागतो. आजी म्हणते, आकाशात बसून मुलीचे लग्न कसे जमायचे? वडिलांनी आम्हाला तीन गोष्टी विचारल्या आहेत. विषय कोणते घ्यावेत, खर्च किती येतो, आणि कलमे गहाण टाकावी लागली तर टाकावीत काय?

पत्र वाचून बरे वाटले. निकालाच्या टक्क्यांत आपला कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. पण त्या टक्क्यांचे पुढे काय करायचे याचा विचार बहुतेक घरांत प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी होतो. या गृहस्थांनी तो वेळेवर केला आहे. त्यांचे प्रश्न इतरही गावांतून आज ना उद्या येणार, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते. विज्ञान शाखा घ्यावी, आणि भौतिकशास्त्र व गणित हे दोन्ही विषय बारावी पास होईपर्यंत सोडू नयेत. आपल्या देशात विमान चालवण्याचे परवाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. लोक त्याला डीजीसीए म्हणतात. पगार घेऊन विमान चालवायचे तर त्या खात्याचा व्यावसायिक वैमानिकाचा परवाना लागतो, आणि त्या परवान्यासाठी बारावीला हे दोन विषय असावेत असा नियम गेली तीस वर्षे चालत आला. त्याआधी दहावी पास माणसालाही परवाना मिळत असे. शेजारच्या जाणत्या गृहस्थांनी बहुधा त्या काळची गोष्ट ऐकलेली असावी.

२०२५ साली वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, की ही अट काढून कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनाही वाट मोकळी करण्याचा विचार खात्यात चालू आहे. तुमच्या कानावरही ते आले असेल. अट राहो की जावो, माझा सल्ला तोच राहील. दारावरची अट काढली म्हणून आतल्या परीक्षा सोप्या होत नाहीत. परवान्यासाठी हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांचे पेपर द्यावे लागतात. प्रत्येकात शंभरात सत्तर गुण मिळाले तरच पास. आपल्या शाळेत पस्तीसला पास करतात, तिथे सत्तर. बारावीच्या टक्क्यांना परवाना देणारे खाते विचारत नाही, पण शिकवणाऱ्या चांगल्या संस्था साधारण पन्नास टक्के तरी मागतात.

मामांच्या सल्ल्याविषयी एक शब्द. जीवशास्त्र घेतले म्हणून काही बिघडत नाही. गणित सोडले म्हणून बिघडते. आपल्याकडे वैद्यकीयच्या आशेने पुष्कळ मुले अकरावीला गणित टाकतात. माझा एक जुना विद्यार्थी असाच. गणितात बरा होता, पण जीवशास्त्रात गुण जास्त पडतात असे कोणीतरी सांगितले म्हणून त्याने गणित सोडले. वैद्यकीयला नंबर लागला नाही. एकविसाव्या वर्षी त्याच्या मनाने विमान घेतले, तेव्हा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावीचे गणित नव्याने देण्याची पाळी त्याच्यावर आली. ती सोय आहे आणि चांगली आहे. कला-वाणिज्य घेऊन बसलेल्या वाचकांनी ती ध्यानात ठेवावी. पण त्याची दोन वर्षे गेली ती गेलीच. मुलीला झेपत असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत. झेपत नसेल तर जीवशास्त्र सोडावे. मग नर्सिंगच्या पदवीची वाट बंद होईल हे मात्र घरात उघड बोलून घ्यावे.

आता हे दोन विषय विमानात बसून नेमके काय करतात, ते थोडे बघू. मुलांना नुसते "घे" म्हटले तर ती घेतात आणि कंटाळतात. कशासाठी ते कळले तर रात्री जागून करतात.

कर्लीच्या खाडीतून होडी पलीकडे न्यायची असते तेव्हा होडीवाला काय करतो? पाणी ओढ घेत असेल तर तो समोरच्या धक्क्यावर नाक धरीत नाही. धक्क्याच्या वरच्या अंगाला नाक धरतो, आणि ओढीने होडी बरोबर धक्क्याला लागते. विमानाचे तसेच आहे, फक्त पाण्याच्या जागी वारा. समजा शिकाऊ विमान ताशी शंभर नॉटने मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघाले आहे. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. समुद्राकडून आडवा वारा वीस नॉटचा आहे. वैमानिकाने नाक सरळ दक्षिणेला ठेवले, तर तासाभरात विमान वीस सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर आत ढकलले जाईल. किनारा राहील बाजूला आणि समोर सह्याद्री येईल. म्हणून नाक किती अंश समुद्राकडे वळवायचे याचे गणित करावे लागते. अकरावीच्या भौतिकशास्त्रात सदिश राशींचा धडा असतो आणि गणितात त्रिकोणमिती असते. ते धडे म्हणजेच हे गणित.

वैमानिकांचा एक तोंडी हिशेबही आहे. साठ मैल गेल्यावर एक मैल बाजूला सरकलात, तर दिशा एक अंशाने चुकली आहे. त्याच हिशेबाने वरच्या उदाहरणात नाक साधारण बारा अंश वळवावे लागेल. शंभराला वीस, तर साठाला बारा. त्रैराशिक. हे तुमच्या आजोबांनी पाटीवर केलेले गणित आहे, यंत्र बंद पडले तर वैमानिकाला तेच कामाला येते.

आता हवेच्या दाबाचे बघा. विमान किती उंचीवर आहे हे दाखवणारे घड्याळ मुळात हवेचा दाब मोजते. वर जावे तसा दाब कमी होतो. खालच्या थरात सुमारे तीस फुटांना एक मिलिबार. एरवी समुद्रसपाटीचा दाब १०१३ मिलिबार धरतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, ते मालवणकर विसरलेले नाहीत. वादळी हवेत दाब उतरतो. समजा तो १००० झाला, आणि वैमानिक घड्याळ १०१३ वरून हलवायला विसरला. तेरा मिलिबारची चूक, म्हणजे तेरा गुणिले तीस, ३९० फूट. घड्याळ ज्या उंचीला हजार फूट म्हणेल तिथे विमान खरे तर सहाशे फुटांवर असेल. ढगात काही दिसत नसताना या चारशे फुटांची किंमत काय असते ते वेगळे सांगायला नको. म्हणून उतरण्यापूर्वी प्रत्येक विमानतळ त्या घटकेचा दाब वैमानिकाला कळवतो.

हवामानशास्त्राच्या पेपरात तर शेतकऱ्याच्या मुलांनी मागे राहूच नये. हापूसला मोहोर आला आणि पहाटे दव धरले की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. हवा थंड होत होत ज्या तापमानाला दव धरू लागते, त्याला दवबिंदू म्हणतात. बाहेरचे तापमान आणि दवबिंदू यांतले अंतर एक-दोन अंशांवर आले की वैमानिक धुक्याचा विचार करू लागतो. खारे वारे, मतलई वारे, नैर्ऋत्येचा पाऊस हे भूगोलातले शब्द तिकडे रोजच्या कामाचे आहेत. अक्षांश-रेखांश आणि स्थानिक वेळ तर आहेतच. मुले भूगोल शेवटच्या आठवड्यात उरकतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

दोन विषयांच्या जोडीला तिसरा विषय आहे, आणि आपल्या मुलांचे घोडे पुष्कळदा तिथेच अडते. तो म्हणजे इंग्रजी. डीजीसीएचे पेपर इंग्रजीत असतात. रेडिओवरचे बोलणे इंग्रजीत करावे लागते, आणि इंग्रजी बोलणे-समजणे पुरेसे आहे असा शेरा परवान्यावर लागतो. पण यात भिण्यासारखे काही नाही. ते इंग्रजी साहित्याचे नव्हे, स्पष्ट बोलण्याचे आहे. रेडिओवर अक्षरे घोटाळू नयेत म्हणून प्रत्येक अक्षराला ठरलेला शब्द असतो. ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, सी म्हणजे चार्ली. आपले कट्टा गाव रेडिओवर सांगायचे झाले तर किलो, अल्फा, टँगो, टँगो, अल्फा असे सांगावे लागेल. आकड्यांचेही तसेच. फाइव्ह आणि नाइन कानाला सारखे लागतात, म्हणून फाइफ आणि नाइनर म्हणतात. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीने आत्तापासून रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या ऐकाव्यात आणि विज्ञानाचे पुस्तक मोठ्याने वाचावे. मनात वाचू नये. जीभ वळली पाहिजे.

अर्ज भरताना एक व्यवहाराची सूचना. आता अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन होतात. अर्जावर शाखा लिहिली म्हणजे विषय ठरले असे समजू नये. ज्या कनिष्ठ महाविद्यालयाचे नाव भराल तिथे आधी जाऊन विचारावे, की गणिताचा वर्ग चालतो काय, शिक्षक कायम आहेत काय. काही ठिकाणी मत्स्य, पीकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा व्यवसाय विषय मिळतो. तो चांगलाच आहे, पण त्याच्यापायी गणित किंवा भौतिकशास्त्र गळत नाही ना, हे पाहून घ्यावे. मालवणच्या तंत्रनिकेतनात डिप्लोमाला जायचे मनात असेल, तर तो डिप्लोमा बारावीच्या जागी धरला जाईल काय हे डीजीसीएकडून लेखी आणल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये.

आता खर्च. इथे मी आवाज खाली करणार नाही. परवाना मिळायला एकूण २०० तास उड्डाण करावे लागते. त्यातले शंभर तास विमानाची सगळी जबाबदारी स्वतःकडे घेऊन. रात्रीचे उड्डाण वेगळे, नुसत्या यंत्रांकडे पाहून करायचे उड्डाण वेगळे, आणि किमान तीनशे सागरी मैलांचा एक लांब प्रवास वेगळा. विमानाचा तास महाग असतो. सगळे मिळून आपल्या देशात आज ढोबळ मानाने अर्धा कोटी रुपये लागतात, कुठे थोडे कमी, कुठे बरेच जास्त. पुढे एअरलाइनमधले मोठे विमान चालवायचे तर त्या जातीच्या विमानाचे प्रशिक्षण निराळे, आणि त्याचे आणखी काही लाख. चाळीस कलमांच्या घराला हा आकडा ऐकून घाम फुटेल. फुटू द्यावा. चकचकीत कार्यालयात बसलेला एजंट हा आकडा पहिल्या भेटीत पूर्ण सांगत नाही, म्हणून तो आपण आधी माहीत करून घेतलेला बरा.

आणि काम लगेच मिळते असेही नाही. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेट एअरवेज २०१९ मध्ये थांबली, २०२० मध्ये कोरोनाने सगळीच विमाने उभी केली, २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली. प्रत्येक वेळी परवाने खिशात असलेली माणसे घरी बसली. नंतर भरतीही जोरात झाली, हेही खरे. हा धंदा आंब्यासारखा आहे. एक साल भरघोस, एक साल मोहोर गळतो. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

म्हणून कलमांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आज गहाण टाकू नयेत. उद्या टाकायची की नाही, ते तीन पायऱ्या चढल्यावर ठरवावे.

पहिली पायरी शरीराची. डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरकडून आधी क्लास टू आणि पुढे क्लास वन अशी वैद्यकीय तपासणी होते. असे डॉक्टर मुंबई-पुण्याला आहेत. डोळे, कान, हृदय, रक्त, लघवी सगळे पाहतात. चष्म्याने नजर पूर्ण होत असेल तर चष्मा आडवा येत नाही. रंग ओळखण्यात दोष असेल तर मात्र अडचण होते, आणि तो दोष असलेल्या मुलाला स्वतःला पुष्कळदा पत्ताच नसतो. या तपासणीचा खर्च हजारांत आहे. ती न करता प्रशिक्षणाचे लाखो रुपये आगाऊ भरणे म्हणजे पाणी न बघता विहीर बांधायला घेणे. तसे केलेली घरे मला माहीत आहेत. एका घराने पहिला हप्ता भरला आणि मुलगा नंतर तपासणीत अडकला. संस्थेने पैसे परत द्यायला दोन वर्षे फिरवले, आणि दिले तेही अर्धेच.

दुसरी पायरी लेखी परीक्षांची. बारावीनंतर डीजीसीएकडे नाव नोंदवून हे पेपर उड्डाणाला सुरुवात करण्याआधीच देता येतात. पुस्तके आणि शिकवणी यांचा खर्च उड्डाणाच्या मानाने किरकोळ. सत्तर गुणांची ही चाळणी मुलीने पार केली, की तिची हौस टिकाऊ आहे काय हे तुम्हालाही कळेल आणि तिलाही.

तिसरी पायरी बिनपैशाच्या किंवा कमी पैशाच्या वाटा शोधण्याची. त्यात सर्वांत मोठी वाट हवाई दलाची. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बारावीनंतर परीक्षा देऊन जाता येते. हवाई दलासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागते. लेखी परीक्षेत एकट्या गणिताचे तीनशे गुण असतात. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. शिक्षणाचा खर्च सरकार करते आणि उड्डाणही तेच शिकवते. २०२२ पासून तिथे मुलींनाही प्रवेश आहे, आणि मुलींची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडली. पण हवाई दल हे एअरलाइनला जाण्याचे फुकटचे वाहन नव्हे. तिथे देशाची नोकरी करायला जायचे असते. ती झाल्यावर पुष्कळ वैमानिक एअरलाइनकडे वळतात, ही पुढची गोष्ट.

या परीक्षेची तयारी करून घेणारी महाराष्ट्र शासनाची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. दहावीनंतर प्रवेशपरीक्षा घेऊन मुलांना घेतात. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. ही माहिती आपल्या गावांत फार कमी पोचते. दहावीच्या वर्षातच त्या अर्जावर डोळा ठेवावा लागतो, निकाल लागल्यावर जाग आली तर उशीर होतो. कट्ट्याच्या मुलीला यंदा उशीर झाला असेल, पण नववीत असलेल्या मुलामुलींच्या आईबापांनी हे कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

बिगरलष्करी वाटेवर सरकारी संस्था म्हणजे उत्तर प्रदेशात फुरसतगंज इथली इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी. तिथली फी काही थोडी नाही, पण प्रवेश परीक्षेवर होतो आणि संस्थेचे नाव आहे. त्या परीक्षेत इंग्रजी, गणित, भौतिकशास्त्र आणि तर्कशक्ती असते. म्हणजे पुन्हा आपले तेच विषय. आपल्या राज्यात गोंदियाजवळ बिरसीला, बारामतीला, धुळ्याला आणि नागपूरला उड्डाण शिकवतात. महाज्योती या शासनाच्या संस्थेने इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमधून वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली आहे. जागा मोजक्या असतात. तुमचे घर त्यात बसत असेल, तर दाखले आत्ताच करून ठेवा आणि जाहिरात केव्हा निघते त्यावर लक्ष ठेवा. समाजकल्याण कार्यालयातही एक चक्कर मारावी.

बँकेच्या कर्जाबद्दलही लिहितो. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज गेले की बँक सहसा तारण मागते. शेतजमिनीच्या तारणावर बिगरशेती कर्ज द्यायला बँका नाखूष असतात, कारण कर्ज थकले तर शेतजमीन इतर मालमत्तेसारखी झटपट विकून घेता येत नाही. आणि कोकणातल्या सातबाऱ्यावर किती नावे असतात ते मी सांगायला नको. मुंबईचे काका, बडोद्याची आत्या, आणि ज्यांचा पत्ता कोणालाच नाही असे दोघे. तेव्हा गहाणखताचा प्रश्न तुम्ही ठरवण्याआधी बँकच ठरवील. यात खासगी सावकाराचे नाव कोणी काढले तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

मग एवढे सगळे असताना त्या मुलीला विमानाचे स्वप्न पाहू द्यावे काय? जरूर पाहू द्यावे, कारण आजच्या घडीला तिचे स्वप्न तुमच्याकडे पैसा मागत नाही. ते फक्त दोन विषय मागते आहे. आणि पुढे विमान जमले नाही तरी ते दोन विषय फुकट जात नाहीत. विमानांना आकाशात वाट दाखवणारा हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचे असेल, तर भौतिक आणि गणित घेऊन बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग लागते. ती सरकारी नोकरी आहे आणि तिला अर्धा कोटी लागत नाहीत. विमान दुरुस्तीचा परवाना घेणाऱ्या अभियंत्यालाही बारावीला हेच विषय लागतात. माझा आग्रह असा, की वैमानिकाची तयारी करतानाही मुलीने पदवी सोडू नये. एअरलाइन बंद पडते तेव्हा हाताशी दुसरे काही असावे.

आजींच्या शंकेचे उत्तर राहिले. १९८५ साली कलकत्त्याहून सिल्चरला फोकर जातीचे एक प्रवासी विमान गेले. ते चालवणाऱ्या कॅप्टन सौदामिनी देशमुख होत्या. त्या विमानात सहवैमानिकासकट सगळ्या कर्मचारी स्त्रिया होत्या. आपल्या देशात तसे ते पहिले उड्डाण. आज भारतात शंभर वैमानिकांत सुमारे पंधरा स्त्रिया आहेत, आणि हे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुप्पट-तिप्पट आहे. त्यांची लग्ने झाली, मुलेबाळे झाली, आणि त्या नोकरीही करीत आहेत. आजींच्या तरुणपणी कोकणातली माणसे मुंबईला बोटीने जात, समुद्र खवळला की पोटात ढवळून येई. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा बोगद्यातून जायला भिणारी म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. पुढे तीच माणसे खिडकीची जागा मागू लागली. आजींना नातीच्या विमानात बसायचे आहे काय, एवढेच एकदा विचारून बघावे.

आणि मुलीला एक गृहपाठ देतो. विमान येणार असेल त्या दिवशी चिपीच्या सड्याजवळ जावे. विमान कोणत्या दिशेला तोंड करून उतरले ते पाहावे, आणि त्या वेळी वारा कुठून येत होता तेही पाहावे. धावपट्टीला दिलेला आकडा दिशेच्या अंशांवरून आलेला असतो, शेवटचे शून्य तेवढे गाळतात. पश्चिमेला तोंड करून उतरलेल्या विमानाच्या धावपट्टीवर २७ असेल, कारण पश्चिम म्हणजे २७० अंश. असे निरनिराळ्या ऋतूंत चार-पाच वेळा वहीत लिहावे, आणि विमान वाऱ्याकडे तोंड करून का उतरते याचे कारण भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना न विचारता स्वतः शोधून आम्हाला कळवावे. कारण बरोबर असले तर तिचे पत्र याच सदरात छापू.